पॅटर्न शॉपची बेस गिटार

जाहिरातीतल्या त्या बाईच्या गिटारीला वायरच नव्हती, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले. सहा महिने! रोज सकाळी दात घासायच्या आधी आणि रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर मी ते पान उघडून बघत होते, आणि डोळे असून आंधळी. कुंकवासारख्या लाल रंगाची, दोन शिंगांची बेस गिटार गळ्यात, अंगात पिवळा झगा, वाऱ्यावर उडणारे केस, पायाशी पांढराशुभ्र बर्फ आणि त्या बर्फात उभा केलेला कपाटाएवढा ॲम्प्लिफायर. बर्फात ॲम्प्लिफायर कशाला नेला, प्लग कुठं लावला, बाईला थंडी कशी वाजत नाही, असला एकही प्रश्न मला पडला नाही. मला एवढंच कळत होतं की, ती गिटार माझ्या गळ्यात आली की माझेही केस तसेच उडणार. माझे केस म्हणजे खोबरेल तेलात बुडवलेल्या दोन वेण्या. चक्रीवादळ आलं असतं तरी त्या जागच्या हलल्या नसत्या.

ते पान आमच्याकडे आलं भाटकरकाकांमुळे. आम्ही चिंचवडला कंपनीच्या चाळीत राहायचो आणि भिंतीला भिंत लागून भाटकरांची खोली. काका रत्नागिरीकडचे, कंपनीत मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन. दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचं आणि कुणाच्या तरी मेलेल्या रेडिओचं आतडं घेऊन यायचं, हा त्यांचा देवधर्म. एकदा रेडिओच्या काचेच्या व्हॉल्व्हांबरोबर ते परदेशी मासिकांचा गठ्ठाच घेऊन आले. सर्किटं असतील म्हणून घेतला, निघाल्या सगळ्या गिटारींच्या आणि ॲम्प्लिफायरच्या जाहिराती. एकीत घोड्यावर बसून गिटार वाजवणारा माणूस, एकीत एकसारख्या कोटांतली चार पोरं आणि त्यांच्यामागे गोदामात पोती रचावीत तशी ॲम्प्लिफायरची थप्पी, एकीत ॲम्प्लिफायरवर चक्क हत्तीचं पिल्लू उभं, का तर तो किती मजबूत ते कळावं. आमच्याकडं तोवर जाहिरात म्हणजे भिंतीवर रंगवलेलं दंतमंजन. गिटार विकायला हत्ती लागतो हे बघून मी थक्क झाले. काकू वाटाण्याची उसळ ढवळता ढवळता म्हणाल्या, "ह्यांना सांगा, हत्ती तेवढा आणू नका जुन्या बाजारातनं."

साधी गिटार आणि बेस यांतला फरक काकांनी सांगितला. बेसला चारच तारा, त्याही जाड, आवाज खोल. "गाण्याचं जोतं म्हणजे बेस, गो शालन," ते म्हणाले. "दिसत नाय कुणाला. पण काढून टाक, की घर बसलंच." मला ते लगेच पटलं, कारण आमची चाळ रात्रंदिवस एका बेसवरच उभी होती. पलीकडच्या फोर्जिंग शॉपातला घण पडला की आधी जमीन हलायची, मग फडताळातले पेले किणकिणायचे आणि मग कानाला ऐकू यायचं. त्या ठोक्यावर आई भाकरी थापायची. भोंगा, घण, भाकरी. शिफ्ट बदलताना घण पाच मिनिटं थांबला की तान्ही पोरं दचकून जागी व्हायची. अशा ठिकाणी वाढलेल्या पोरीला बासरी आवडणार होती थोडीच!

तर त्या बर्फातल्या बाईच्या पायाखाली एक चौकट होती, कडेनं तुटक तुटक रेघ. कापा, भरा, पाठवा, कॅटलॉग फुकट मिळेल. मी मॅट्रिक होऊन शिवणाच्या क्लासला जात होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. डिक्शनरी घेऊन कूपन भरलं. व्यवसायाच्या रकान्यात ऐटीत लिहिलं, 'संगीतकार'. तोवर माझं संगीत म्हणजे काकांच्या माउथ ऑर्गनवर दीड गाणं. आज आठवलं तरी कान गरम होतात. पण काकांनी तिकिटं लावून ते पाठवलं आणि दोनेक महिन्यांनी, आम्ही विसरून गेल्यावर, पोस्टमन दारात उभा. हातात मोठं पिवळं पाकीट, त्यावर परदेशी तिकिटं. आई कणकेच्या हातानं बाहेर आली आणि पांढरीफटक पडली. "कोरटाचं हाय का वो?"

काय वास होता त्या कॅटलॉगला! नव्या रंगाचा, शाईचा, कुठल्या तरी दूरच्या दुकानाचा. अख्खी चाळ हात धुऊन, रांग लावून ते बघून गेली. आणि मधोमध, दोन पानं पसरून, तीच लाल बेस. या वेळी बाई नव्हती. नुसती गिटार आणि शेजारी तिची मापं. रात्रपाळीला जायच्या आधी आबांनी चष्मा लावून ते पान हातात घेतलं. आबा म्हणजे माझे वडील, साताऱ्याकडून आलेले, फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमधले मिस्त्री. मशीनचा जो भाग ओतायचा, तो आधी हे लोक लाकडात हुबेहूब घडवतात, तो पॅटर्न. मग त्याचा ठसा वाळूत घेऊन त्यात वितळलेलं पोलाद सोडतात. आबांच्या हातचं काम कधी परत आलं नाही, असं सगळी फाउंड्री सांगायची. घरातही तेच. आईनं भाकरी वाढली की ती गोल आहे का हे आधी बघणार, मग मोडणार. असा माणूस त्या पानावरून अंगठा फिरवत राहिला. मला वाटलं, आता फाडून टाकतात. ते म्हणाले, "मानंचा जोड झ्याक घातलाय." मग पान उजेडाकडं धरून, "हे लाकडाचंच हाय की गं."

एवढंच बोलले आणि डबा घेऊन गेले. मी त्या रात्री झोपले नाही. भाटकरकाकाही झोपले नसावेत, कारण पहाटे भिंतीवर टकटक झाली आणि पलीकडून आवाज आला, "शालन, आबा काय म्हणाले गो?"

पुढचे रविवार आमच्या गॅलरीत जत्रा होती. परदेशातून मशीन ज्या खोक्यांतून यायचं त्यांची लाकडं कंपनी कामगारांना द्यायची. त्यातली चांगली वाळलेली फळी आबांनी अंगासाठी निवडली. मानेसाठी गावाकडचं जुनं सागवान आणलं. मानेवर बोटं दाबायचे आडवे पडदे पितळेचे. काकांनी आवाज पकडणारं कॉइल गुंडाळलं ते काकूंच्या शिवणयंत्रावर, बॉबिन भरतात त्या जागी. मी पाय मारायचा, काकांनी वेढे मोजायचे आणि मधेच कुणी "चहा घेणार का?" विचारलं की आकडा विसरून आकांत करायचा. तारा तेवढ्या पुण्याहून विकत आल्या. आणि रंग? कंपनीत आग विझवायच्या बादल्यांना देतात तो लाल. आबांना कंपनीतून एक थेंबही आणायला आवडायचं नाही, म्हणून ते रीतसर दुकानात गेले आणि "बादलीचा लाल द्या" म्हणून डबा घेऊन आले. ॲम्प्लिफायरचं खोकंही त्याच मशीनच्या पेटीचं, वर रिक्षाच्या हुडाचं काळं रेक्झीन. रेक्झीन पुढच्या बाजूला कमी पडलं, त्यामुळे 'ही बाजू वर' दाखवणारा छापील बाण तसाच राहिला. काकांनी खोकं उलटं जोडलं होतं. आमच्या ॲम्प्लिफायरवरचा बाण जमिनीकडं बोट दाखवायचा.

परवा माझी नात ईरा, ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकते ती, मोबाइल नाचवत आली. "आजी, हीच का गं ती जाहिरातीतली लाल बेस? बघ, कुणी तरी विकायला काढलीय. व्हिंटेज आहे म्हणून किंमत केवढी!" मी बघितलं. हीच. रंग उडालेला, कडा झिजलेल्या, एक बटण गायब. मी म्हटलं, "माझाही रंग उडालाय, गुडघा झिजलाय, दोन दाढा गायब आहेत. टाक माझा फोटो, बघू कोण येतंय." ती हसून लोळली. पण मला खरोखर उकळी फुटली होती. निगडीच्या या फ्लॅटमध्ये, पासष्टीही केव्हाच उलटल्यावर, त्या शिंगांचा आकार दिसला की पोटात अजून घण पडतो.

गिटार झाली आणि कंपनीच्या ऑर्केस्ट्रात माझी वर्णी लागली. यात माझं कर्तृत्व काही नाही. सबंध कारखान्यांच्या पट्ट्यात बेस गिटार एकच होती आणि ती माझ्या गळ्यात होती. ऑर्केस्ट्रा चालवायचे चव्हाण मास्तर. टाइम ऑफिसात क्लार्क, वाजवायचे अकॉर्डियन, आणि उशिरा येणाऱ्यांच्या कार्डावर जशी लाल खूण करायचे तशी नजर बेसूर वाजवणाऱ्यावर टाकायचे. खंडेनवमीला संध्याकाळी कंपनीच्या मैदानावर कार्यक्रम ठरला होता. खालच्या पडद्यांवर माझं उत्तम चालायचं. ढूम ढूम ढूम, घणाची धाकटी बहीण. पण पहिल्याच गाण्याच्या मधल्या संगीतात बेस एकटी पायऱ्या चढत वर जायची. मी चढायला लागले की पहिल्या दोन-तीन पायऱ्या ठीक, मग सूर थोडा तिरका, मग आणखी तिरका आणि शेवटच्या पायरीला सगळा ऑर्केस्ट्रा तोंड वाकडं करून माझ्याकडं बघणार.

"शालन, बोट नीट पाड," मास्तर म्हणायचे. मग, "दाब जरा." मी दाबलं. जेवढं दाबावं तेवढा सूर अधिक चढायचा. बोटांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. आई हळद लावता लावता बोलायची, "अशा बोटांची पोरगी दावायची कशी गं म्या पावन्यांना? घट्टं बघून म्हंतील, ही काय फाउंड्रीत हाय का?" ढोलकीवाल्यानं तर निकालच दिला, "मास्तर, बायकांची बोटं आखूड. ह्यांना पेटी द्या." आणि मी? मी मान खाली घालून ते पटवून घेतलं! आबांच्या हातचं काम चुकणं शक्य नाही, म्हणजे मीच चुकत असणार. घरी येऊन बोटं ओढून लांब करायचा प्रयत्न केला. खरंच केला. दोन दिवस. एवढी अक्कल होती माझ्यात.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मास्तरांनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, आवाजही मऊ केला होता. "असं कर शालन, तू स्टेजवर ये. छान नटून ये. गिटार गळ्यात असू दे, हात हलव. वायर मात्र लावू नको. फोटोला शोभा येईल आणि कुणाला कळणारही नाही."

घरी आले, रडू आवरेना, म्हणून समाधानासाठी ते पान उघडलं. आणि तेव्हा दिसलं. तिच्या गिटारीला वायर नव्हती. लाल गिटार इथं, कपाटाएवढा ॲम्प्लिफायर तिथं, मधे नुसता बर्फ. मी दुसरी पानं काढली. घोडेस्वाराला वायर नाही. कोटवाल्या पोरांना नाही. एवढे महिने मी ज्या बाईसारखं व्हायला बघत होते, तीही शोभेला उभी होती! रडू थांबलं आणि असा संताप आला की मी ते पान चुलीत घालायला निघाले. आईनं हिसकावून घेतलं आणि म्हणाली, "चांगला जाड कागुद हाय, डब्याच्या बुडाला घालीन."

खंडेनवमी म्हणजे आमच्या पट्ट्यातला खरा सण. त्या दिवशी हत्यारांची पूजा. घण थांबतो, भोंगा गप्प, लेथवर झेंडूच्या माळा. घरोघरी ज्याचं जे हत्यार असेल ते धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, गोडाचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वर्षभर राबलेलं हत्यार त्या दिवशी निजतं. मी सकाळी आबांच्या पाटापुढं रांगोळी काढत बसले होते, तोंड फुगवून. आबा एकेक वस्तू मांडत होते. रंधा, पटाश्या, गुण्या आणि शेवटी दोन स्टीलच्या पट्ट्या, दोन्ही दोन फुटी, पाटाच्या कडेला दोन्हींची टोकं लावून शेजारी शेजारी. त्यांचं सगळंच काटेकोर. पूजा झाली, आबा उठले, आणि माझी नजर पट्ट्यांच्या दुसऱ्या टोकाकडं गेली.

टोकं जुळत नव्हती. दोन्हींवर चोवीस लिहिलेलं, पण एक पट्टी दुसरीपेक्षा अर्ध्या पेराएवढी पुढं आलेली.

"आबा, ह्या दोन पट्ट्या सारख्या का नाहीत?"

"कशा आसतील? ती येक श्रिंकेजची हाय." पोरीला एवढंही कळत नाही, असा चेहरा. "वतलेलं पोलाद थंड झालं की आकसतं. म्हून लाकडाचा पॅटर्न आधीच थोडा मोठा ठेवायचा. दर टायमाला हिशोब कोण करीत बसंल? म्हून पट्टीच तशी. हिच्यावरचा इंच खऱ्या इंचापरीस मोठा."

माझ्या हातातली रांगोळी तशीच सांडत राहिली. "आबा, गिटारीचे पडदे कुठल्या पट्टीनं मापले?"

आबांचा हात हळूहळू हनुवटीकडं गेला. तेवढ्यात काका नैवेद्याची वाटी घेऊन आले. त्यांना मी विचारलं, तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज कुणी बसवला? "मीच की. माझ्या टेपनं, तीस इंचांवर, बरोब्बर," काका अभिमानानं म्हणाले.

झालं! पडदे आबांच्या थोरल्या इंचानं, ब्रिज काकांच्या धाकट्या इंचानं. मानेच्या सुरुवातीला फरक नखाएवढाही नाही, आणि जसजसं वर चढावं तसतसा वाढत जाणारा. वीस वर्षं पोलादासाठी लाकूड मापलेल्या हातानं सवयीनं तीच पट्टी उचलली होती. माझ्या बोटांचा काडीचा दोष नव्हता. मी असा आनंदानं ओरडा केला की खालच्या मजल्यावरून कुणी तरी विचारलं, "साप निघाला काय?"

मग आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि ओरडणं बंद केलं. ते पाटाशेजारी बसले होते. काका हळूच म्हणाले, "मिस्त्री, काय बिघडत नाय. ब्रिज मागं सरकवला की झालं. दोन स्क्रू फक्त. तारांची टोकं वेगळ्या पत्र्याला आहेत."

"उद्या सरकवू," आबा म्हणाले.

"आबा, कार्यक्रम आज आहे!"

"हत्यार निजलंय, शालन. उठवायचं न्हाई." आवाज चढवला नाही, पण त्या आवाजापुढं कुणाचं चालत नसे. काकांकडं बघितलं तर त्यांनी हात जोडले. त्यांचे सगळे स्क्रू-ड्रायव्हर कुंकू लावून रांगेत आडवे. मी धावत सुटले. अख्खी चाळ पालथी घातली. ज्या दारात जावं तिथं पाट, पाटावर पाने-पकडी, त्यावर झेंडू. सायकलवाल्यानं तर मलाच झापलं, "खंडेनवमीला पाना मागतीस? कुणाची गं तू?" हजारो कामगारांची वस्ती, पावलोपावली हत्यार, आणि एक स्क्रू फिरवायला माणूस मिळेना!

परत आले ती धापा टाकत. घरात पुरणाचा वास दरवळत होता. आई तव्यापुढून उठून दारात उभी होती, पदर खोचलेला, हातात उलथणं.

"माझं न्हाई निजलं," ती म्हणाली.

"काय?" आबा.

"उलथणं. म्या ते पाटावर ठिवलंच न्हाई. दोन डझन पोळ्या काय तुमच्या पट्टीनं उलथू?" आणि उलथणं तिनं आबांच्या पुढ्यात धरलं. "हे घ्या. पर बिगी बिगी. तव्यावर पोळी हाय."

आबांनी उलथण्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग ते घेतलं. उलथण्याची पातळ कड स्क्रूच्या खाचेत अशी बसली की जणू त्यासाठीच घडवलेली. ब्रिज सुटला, सगळीकडं पुरण. पण आता पुढचा प्रश्न, सरकवायचा किती? मापायचं कशानं? दोन्ही पट्ट्या आणि काकांचा टेप, सगळेच झोपलेले. आबा ब्रिजवर अंगठा ठेवून थांबले. आयुष्यात त्यांनी ड्रॉइंगशिवाय कुणाचं ऐकलं नव्हतं. मान वर न करता म्हणाले, "तू सांग."

मी मोकळी तार छेडली. मग बारावा पडदा दाबून तीच तार छेडली. हे दोन सूर थोरलीनं हाक मारावी आणि धाकटीनं ओ द्यावी तसे जुळायला हवेत. नव्हते जुळत. "मागं," मी म्हणाले. आबांनी सरकवलं. छेडलं. "अजून." "अजून." काका श्वास धरून, आई दारातून मान काढून. "अजून थोडं. थांबा. नाही, केसभर पुढं." आबांचा अंगठा केसभर पुढं आला. केसभर म्हणजे केसभरच, तेवढं त्या अंगठ्याला येत होतं. छेडलं. खालचा सूर आणि वरचा सूर एकमेकांत असे मिसळले की मला ते पोटातच कळलं. "इथंच! आबा, इथंच!" आईनं गोधडी शिवायचं दाभण स्टोव्हवर लाल करून आणलं, त्यानं नवी भोकं पाडली, फळीतून धूर निघाला, उलथण्यानं स्क्रू बसले आणि त्यानंतर आईनं जी किंकाळी फोडली ती पोळीसाठी होती. कोळसा झाला होता. तो आबांनी तूप लावून, चकार शब्द न काढता खाल्ला. गोल आहे का तेही बघितलं नाही.

संध्याकाळी मैदान फुलून गेलं होतं. मी पिवळा झगा घातला होता, पडद्याच्या कापडाचा, स्वतः शिवलेला. आईनं आत परकर घालायला लावला होता आणि तो खालून चार बोटं दिसत होता. वेण्या सोडल्या होत्या. व्हॉल्व्ह तापू नयेत म्हणून काकांनी ॲम्प्लिफायरमागं टेबलफॅन लावला, आणि केस उडाले हो, खरंच उडाले! सगळे पुढं येऊन तोंडात गेले. जाहिरातीत हे कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांची नजर माझ्या गिटारीपासून निघालेल्या वायरीवर गेली आणि ती वायर थेट ॲम्प्लिफायरपर्यंत पोचलेली दिसली, तेव्हा त्यांचा चेहरा दोनदा रंग बदलला. पण निवेदकानं गाण्याचं नाव सांगून टाकलं होतं. मास्तरांनी डोळे मिटले आणि अकॉर्डियन उघडलं.

खालचे सूर गेले. स्टेजच्या फळ्या थरथरल्या. मधलं संगीत आलं आणि मी चढायला लागले. एक, दोन, तीन. चौथ्या पायरीला ढोलकीवाल्यानं सवयीनं तोंड वाकडं केलं आणि ते तसंच राहिलं, कारण सूर सरळ होता. पाचवा सरळ. सहावा सरळ. शेवटच्या पायरीवर मी पोचले तेव्हा मास्तरांनी डोळे उघडले. केस तोंडातच होते, मला कुणी दिसत नव्हतं, पण पायाखालची फळी सांगत होती. दिवसभर गप्प असलेल्या त्या मैदानात जमिनीतून ठोका उठत होता आणि तो माझा होता.

गाणं संपलं. टाळ्या, शिट्ट्या. मास्तर मोठ्या मनानं माइकवर म्हणाले, "मंडळी, आमच्या शालनची बोटं अखेर वळली बरं का! प्रॅक्टिसनं काय होत नाही?"

तिसऱ्या रांगेतून आबा उठले. चारचौघांत कधी न बोलणारा माणूस. पांढरा सदरा, टोपी हातात. "मास्तर, बोटं तीच हायती," ते मोठ्यानं म्हणाले. "माप माझं चुकलं हुतं. श्रिंकेजच्या पट्टीनं गिटार मापली म्या."

मग पॅटर्न शॉपची माणसं जिथं बसली होती तिथून पहिला हशा फुटला, त्यांच्यामागून मोल्डिंगवाले, मग भट्टीवाले. ज्यांनी ज्यांनी आयुष्यात ती पट्टी हातात घेतली होती ते सगळे मांड्या थोपटून हसायला लागले. कुणी तरी ओरडलं, "मिस्त्री, वतायची हुती का गिटार पोलादाची?" आणि आबा, माझे आबा, त्या हशात उभे राहून स्वतःही हसत होते. मास्तर माझ्याकडं वळले, माइकवर हात ठेवला आणि म्हणाले, "माफ कर पोरी." मग घाईघाईनं बोटांनी पुढच्या गाण्याची खूण केली. माझ्या डोळ्यांतून पाणी, तोंडात केस, छातीत आनंद मावेना. मी असा दणकून पहिला सूर लावला की मागच्या तंबूचे बांबू हलले, आणि तो साफ चुकीचा होता. ती चूक मात्र अस्सल माझी होती, त्यात कुणाच्या पट्टीचा काही संबंध नव्हता. पण "वायर काढ" असं त्यानंतर मला कुणी म्हणालं नाही.